दगडातले दात: तुमचे प्रश्न

फोटो तेच येतात, तळहातावर पांढरा खडा आणि खाली 'सर हा दात आहे का', म्हणून डायनासोर काळातल्या छोट्या सस्तन प्राण्यांच्या, दगडात सापडणाऱ्या दातांबद्दल सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

प्र. पन्हाळ्याच्या वाटेवर दाढेसारखा खडा मिळाला, जीवाश्म असंल का?
बहुतेक नाही, बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या कातळाच्या, पोकळीतलं झिओलाइट नाहीतर क्वार्ट्झ हे खनिज. खात्रीसाठी जिऑलॉजीच्या सरांना खडाच नेऊन दाखवा, फोटो नको.

प्र. नुसत्या दातावरनं प्राणी कसा ओळखता?
एनॅमल, म्हणजे दातावरचं आवरण, शरीरात सगळ्यात कठीण, हाडं गेली तरी ते टिकतं. मॉर्गन्युकोडॉन आणि हारामियिड हे डायनासोर काळातले सस्तनांच्या गोतावळ्यातले छोटे प्राणी; मॉर्गन्युकोडॉनच्या दाढेवर मुख्य उंचवटे एका ओळीत, हारामियिडच्या दाढेवर दोन ओळी, आणि झिजल्याच्या खुणांवरनं जबडा कसा हलायचा तेही कळतं. यांचे दात एक-दोन मिलिमीटरचे, त्यामुळं माती धुऊन चाळून मायक्रोस्कोपखाली शोधायचे.

प्र. म्हणजे हे आपले पूर्वज?
थेट पूर्वज नव्हेत, भावकी म्हणा.

प्र. ऑनलाइन 'डायनासोर काळातल्या सस्तन प्राण्याचा दात' सर्टिफिकेटसह मिळतोय, पोरासाठी घेऊ का?
अजिबात नको. सर्टिफिकेट देणार कोण, विकणाराच ना? दात कुठल्या गावात, कुठल्या थरात मिळाला याची नोंद नसेल तर त्याचं वय कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. मध्य प्रदेशातल्या टिकी फॉर्मेशन या खडकथरातला एकच दात २००५ मध्ये टिकिथेरियम नावानं जाहीर झाला, वय वीस कोटी वर्षांहून जास्त, जगभर चर्चा, आणि २०२४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तपासून मांडलं की हा निओजीनमधल्या, म्हणजे फार तर २.३ कोटी वर्षांपूर्वीच्या चिचुंद्रीचा दात आहे. जिथं नोंद होती तिथं हे झालं, मग कुरिअरनं आलेल्या दाताचं काय सांगायचं! शिवाय असा दात उकरून विकला की तो थर अभ्यासाला कायमचा मुकतो, ही खरेदी मला बघवत नाही.

प्र. कोल्हापुरात सापडतील का?
आपला कातळ लाव्ह्याचा, त्या लाव्ह्यात नाही. पण दोन लाव्हा थरांमधल्या गाळात आशा असते, तेलंगणात नस्कालला अशाच गाळात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे दात मिळालेत. विहीर खोदताना कातळाखाली मऊ थर आणि शिंपले दिसले तर उकरू नका, व्हिनेगरमध्ये तर बुडवूच नका, ॲसिड दात खातं. मोजपट्टी ठेवून फोटो काढा, लोकेशन लिहा आणि जीएसआयला (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) त्याच आठवड्यात कळवा, 'सुगी झाल्यावर बघू' म्हणाल तोवर विहीर बांधूनही झालेली असते.