एफडीचं नंतर बघू, आधी ते वकिलाचं पत्र शोधा

नागपूरच्या धंतोलीत छोटं ऑर्थो हॉस्पिटल चालवणारे एक डॉक्टर विचारतात: पेशंटच्या तक्रारीवरून महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची नोटीस आली, वकील अडीच लाख सांगतोय, 9 लाखांची एफडी मोडू की गॅरंटीड इन्कम प्लॅन सरेंडर करू?

डॉक्टर साहेब, दोन्ही नको. प्लॅनचे तीन हप्ते भरलेत, 3.6 लाख, आत्ता सरेंडर केला तर साधारण 35 टक्के म्हणजे सव्वा लाख हाती येतील. त्यापेक्षा एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त, एफडीचं व्याज चालूच राहतं, म्हणजे अडीच लाखांवर वर्षाला निव्वळ अडीच ते पाच हजारांचं काम.

खरी गोष्ट तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. 18 हजारांची इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटने भरपाईचा दावा केला तर डॉक्टरला कव्हर देणारी, 2013 पासून चालू होती, ती या 31 मार्चला बंद केली, कारण प्लॅनचा हप्ता भरायचा होता आणि एजंट म्हणाला यात लीगल कव्हर पण येतं. नाही येत हो! आयुर्विम्याचा प्लॅन आहे तो, डॉक्टरवरच्या तक्रारीशी त्याचा काडीचा संबंध नाही. 18 हजार वाचवून 50 लाखांचं कव्हर घालवलं, मला खरंच राग येतो अशा विक्रीचा.

इन्डेम्निटी क्लेम्स-मेड असते. ऑपरेशन कधी झालं याच्याइतकंच दावा कधी आला हे महत्त्वाचं, त्या दिवशी पॉलिसी चालू पाहिजे. ब्रेक पडला की जुनी रेट्रोअॅक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या तारखेपासूनचे उपचार कव्हरमध्ये धरतात ती, बहुतेक जातेच, म्हणजे आज नवी घेतली तरी गेल्या बारा वर्षांचे पेशंट उघड्यावर. म्हणून जुन्याच कंपनीकडे जा आणि ती डेट कायम ठेवता का ते लेखी विचारा, प्रपोजल फॉर्ममध्ये ही नोटीस लपवू नका.

पण तुम्हीच लिहिलंय की फेब्रुवारीत पेशंटच्या वकिलाचं पत्र आलं होतं, भरपाई मागणारं, आणि तुम्ही ते ओपीडीच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तेव्हा पॉलिसी चालू होती! त्याच दिवशी कंपनीला कळवायला हवं होतं. तरी आज कळवा, पत्राची कॉपी, काउन्सिलची नोटीस, केस पेपर सगळं लावून. उशीर झाला म्हणून कंपनी नाही म्हणेल कदाचित, पण निव्वळ उशिरावर खरा क्लेम नाकारू नका असं विमा नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना सांगितलंय, ते पत्रात लिहा. काउन्सिलसमोरच्या बचावाचा खर्च मिळेल का हे पॉलिसीच्या शब्दांवर आहे, तसं लिहिलेलं असेल तरच.

आणि काउन्सिल भरपाई देत नाही, ते रजिस्ट्रेशनवर हात घालतं. पैशांची केस ग्राहक आयोगात वेगळी येते, 1995 पासून डॉक्टर ग्राहक संरक्षण कायद्याखाली आहेत. ती आली तर उत्तराला 30 दिवस, फार तर 15 आणखी, त्याच्यावर एक दिवस नाही. अडीच लाख ही फक्त काउन्सिलसमोरच्या केसची वकिलाची फी आहे, म्हणून एफडीतले उरलेले पैसे हलवू नका, आणि एजंटचा नवा कोणताही प्लॅन सध्या तर मुळीच नको.

पत्र सापडलं की पाकीट फेकू नका. त्यावर पोस्टाचा शिक्का आहे, दावा 31 मार्चच्या आधी आला हे तुम्हाला त्यावरूनच दाखवायचंय.