गंज काढा, पण तलवारीचा काळेपणा तिच्याकडेच राहू द्या

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या घरात पणजोबांच्याही आधीपासूनची तलवार आहे, दर खंडेनवमीला पुजतो. यंदा म्यानातून काढली तर पात्यावर जागोजागी लाल गंज! शेजारच्या काकू म्हणतात चिंच लावून घास, गॅरेजवाला म्हणतो ग्राइंडर मारून आरशासारखी करून देतो. काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी गॅरेजवाल्याला नाही म्हणून टाका, बाकी सगळं नंतर. माझ्या आजोळच्या तलवारीला एकाने असंच बफिंग करून दिलं होतं, पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी असते ना, जौहर म्हणतात तो, तो पार दिसेनासा झाला. आजही ती हातात घेतली की पोटात कालवतं. पात्यावर कुठे कारागिराचा ठसा असेल तर तोही असाच जातो.

आता गंजाचं बघा. लाल-भगवा, भुसभुशीत, बोटाला लागतो तो चालू गंज, तो ओल धरून ठेवतो आणि खाली लोखंड खात राहतो, तो काढायचाच. पण काळा किंवा गडद तपकिरी, घट्ट बसलेला, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागणारा जो थर आहे त्याला हात लावायचा नाही, तोच तलवारीचं वय सांगतो आणि खालच्या लोखंडाला थोडंफार सांभाळतोही. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांना लाल आणि काळं यातला फरक कळत नाही, दोन्ही खातात, वर बारीक खड्ड्यांत आंबट ओल राहून गेली की परत गंज सुरू.

शिलाई मशीनचं तेल घ्या, लाल डागांवर लावून एक-दोन दिवस तसंच राहू द्या, मग बांबूच्या काडीने अलगद खरवडा, आणि सुटत नसेल तिथेच चार शून्यांची, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल (केसासारख्या पोलादी तारांचा पुंजका) तेलात बुडवून पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. सारखं पुसून बघत राहा, खाली काळं दिसलं की थांबा. घाई अजिबात नको, दोन-तीन रविवार गेले तरी चालतील. मुठीवर कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेलं सोन्या-चांदीच्या तारेचं किंवा पातळ पत्र्याचं काम असेल तर तिथे स्टील वूल लावूच नका, गंज त्या पत्र्याखालूनच वर येतो आणि घासलं की सोनंच निघून येतं, ते म्युझियमच्या संवर्धकालाच दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

व्हिडिओत लोखंड पाण्यात उकळतात, त्याने लाल गंजाचा काळा होतो हे खरंय, पण तलवारीला ते करू नका कारण पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं, गरम पाण्यात लाख मऊ पडली की मूठ हलायला लागते.

शेवटी सुती कापडाने तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (म्युझियमवाले धातूवर लावतात ते मेण) पातळ हात द्या. खोबरेल नको, चिकट होतं आणि धूळ धरतं. म्यान वेगळं ठेवा, चामडं-मखमल ओल धरून बसतं, तुमचा गंज बहुतेक तिथूनच आलाय. आणि पूजा जरूर करा, फक्त हळद-कुंकू पात्याऐवजी शेजारी विड्याच्या पानावर वाहा, पाणी लागलंच तर त्याच संध्याकाळी कोरडं पुसा, घामाच्या हाताचे ठसेसुद्धा.

प्रश्न : ट्रेकला गडावर मातीत लोखंडी तोफगोळा दिसला, घरी आणून साफ केला तर?

उत्तर : आणू नका. काही गोळे पोकळ असायचे आणि आत दारू भरलेली असायची, त्यामुळे ठोकणं-घासणं तर सोडाच, हलवूही नका. शिवाय मातीत इतकी वर्षं राहिलेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात, घरी आणून सुकवलं की पापुद्रे सुटून पडतात. जागेचा फोटो काढा, पोलिसांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.