उडी मोडायला सांगितली म्हणून रुसलीस?

अगं, तुझा मेसेज वाचला. स्केटिंगमध्ये स्टेटला मेडल आणलंय आणि नवीन सर परत सिंगल अॅक्सलच्या उडीपासून सुरू करायला लावतायत, तेही बारक्या पोरांच्या बॅचसमोर, म्हणून क्लासच सोडते म्हणतेस. आधी मला हसूच आलं, राग नको मानूस. फोनवर बोलले असते तर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहितेय.

माओ असादा, ती जपानची बर्फावर फिगर स्केटिंग करणारी, तुला माहितीये, तिच्या रील्स तूच मला पाठवायचीस. पण रील्समध्ये फक्त उड्या दिसतात गं. ती नागोयाची, १९९० चा जन्म. त्याच गावची मिदोरी इतो, जिने १९८८ मध्ये बायकांमध्ये पहिल्यांदा स्पर्धेत ट्रिपल अॅक्सल मारला. अॅक्सल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतात आणि उतरायचं मात्र मागे, त्यामुळे ट्रिपल म्हणजे साडेतीन फेऱ्या, आपण चाकांवर सिंगलला रडतो तिथे बर्फावर साडेतीन! माओ १५ वर्षांची असताना ग्रां प्री फायनल ही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हाच्या वर्ल्ड चॅम्पियनला मागे टाकून, आणि तरी २००६ च्या ऑलिम्पिकला जाता आलं नाही कारण वयाच्या नियमात ८७ दिवस कमी पडले. ८७ दिवस! तुझी एन्ट्री एकदा बर्थ सर्टिफिकेटवरून अडकली होती तेव्हा तू आठवडाभर जेवली नव्हतीस, ते आठवलं.

मग २००८ ला वर्ल्ड चॅम्पियन, २०१० ला व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये सिल्व्हर, त्या एका स्पर्धेत तीन ट्रिपल अॅक्सल, एक शॉर्टमध्ये (पहिला, छोटा प्रोग्राम) आणि दोन फ्रीमध्ये (दुसरा, मोठा प्रोग्राम), आणि पुढच्याच महिन्यात परत वर्ल्ड चॅम्पियन. आता खरी गोष्ट इथे आहे. एवढं सगळं हातात असताना, वय जेमतेम २०, ती नोबुओ सातो नावाच्या म्हाताऱ्या कोचकडे गेली (स्वतः दहा वेळा जपानचा चॅम्पियन) आणि सगळ्या उड्या मुळापासून परत शिकायला बसली. लुट्झ नावाच्या उडीचं तिचं टेक-ऑफ चुकीचं होतं, ब्लेडच्या बाहेरच्या एजवर, म्हणजे कडेवर, राहायचं तर पाय आतल्या एजवर पडायचा, जज लोक मार्क कापायचे. तुझंही हेच चाललंय बरं का, खांदा आधी फिरतो आणि पाय मागून येतो, मी तीन वर्षं सांगत होते, पण मेडल येत होतं म्हणून तू ऐकलं नाहीस आणि मीही फार ताणलं नाही, ती माझी चूक.

मोडलेली उडी लगेच बसत नाही. त्या सीझनला माओ जपानमधल्या एनएचके ट्रॉफीत आठवी आली, पॅरिसला पाचवी. ऑलिम्पिक सिल्व्हरवाली, घरच्या प्रेक्षकांसमोर आठवी! वर्ल्ड्सला सहावी. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०११ ला, स्पर्धेसाठी कॅनडात पोचली होती तेव्हा आईची तब्येत बिघडल्याचं कळलं, तशीच परतली, पण घरी पोचायच्या आधीच आई गेली. त्याच महिन्यात ती नॅशनल्सला उतरली आणि जिंकली. यावर मी काही बोलत नाही, मला जमलं नसतं.

सोची ऑलिम्पिक, २०१४. शॉर्टमध्ये ट्रिपल अॅक्सलवर पडली, बाकीचंही विस्कटलं, थेट १६ वी. एक माजी पंतप्रधान तर जाहीरपणे म्हणाले की ही पोरगी मोक्याच्या वेळी पडतेच. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटला आठ ट्रिपल घेतले, उड्यांच्या सहाही प्रकारांचे, १४२.७१ मार्क, फ्रीमध्ये तिसरी. एकूण सहावी, म्हणजे मेडल नाहीच. संपल्यावर वर बघून रडली आणि मग हसली, तो व्हिडिओ मी किती वेळा बघितलाय सांगत नाही. महिन्याभराने जपानमध्येच साइतामाला तिसऱ्यांदा वर्ल्ड चॅम्पियन, शॉर्टमध्ये ७८.६६ चा वर्ल्ड रेकॉर्ड.

म्हणून तूही सगळं मोडलंस की गोल्ड येणार, असं मी लिहून देत नाही. लुट्झची ती सवय तिला पुढेही अधूनमधून नडलीच, आणि शेवटच्या नॅशनल्सला, २०१६ ला, ती १२ वी होती, त्यानंतर एप्रिलमध्ये थांबली. आता तोक्योतल्या ताचिकावाला तिच्या नावाची रिंक आहे, २०२४ ला सुरू झालीये, पोरं शिकतात तिथे.

सरांशी मी बोललेय. दोन महिने कॉम्पिटिशन नको म्हणालेत, आईबाबांना मी समजावते. बारक्या पोरांसमोर लाज वाटत असेल तर सकाळी सहाची बॅच आहे, तिथे चारच जणी असतात. सोमवारी ये. आणि बेअरिंग साफ करून आण, मागच्या वेळी तुझी चाकं लांबून ऐकू येत होती.

— ताई