'परोन' या शब्दापासून सुरुवात कर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सिलिशियाच्या, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या, आर्मेनियन राज्यावरचा तुझा मसुदा वाचला. 'निर्वासितांनी परक्या भूमीवर राज्य उभारलं' हे पहिलं वाक्य आधी काढ. खोटं नाही, पण फार सोपं झालंय. आर्मेनियाची जुनी राजधानी आनी 1045 साली बायझंटाइनांकडे गेलं, 1064 मध्ये सेल्जुक तुर्कांनी ती लुटली, 1071 मध्ये मान्झिकर्टला त्यांनी बायझंटाइनांना हरवलं, हे सगळं खरंच. पण माणसं काही एका तांड्यात टॉरसचे डोंगर उतरून आली नाहीत. कित्येक आर्मेनियन सरदारांना बायझंटाइन दरबारानेच तिथले किल्ले सांभाळायला दिले होते. लांप्रोनचं घराणं त्यातलंच. रुबेनने मात्र 1080 च्या सुमारास डोंगरातलं आपलं ठाणं स्वतंत्र केलं. या दोन घराण्यांचं वैर शंभराहून जास्त वर्षं चाललं, आणि मिटलं ते एका लग्नात.

त्या लग्नावर तू दीड ओळ लिहिली आहेस. दोन पानं लिही. रुबेनच्या वंशातला लेव्हॉन, ज्याला जर्मन सम्राटाने मुकुट पाठवला होता, तो 1219 मध्ये वारला. वारस राहिली लहानगी मुलगी, झाबेल. तिचा पहिला नवरा फिलिप, शेजारच्या अँटिओक या क्रूसेडर राज्यातला. लांप्रोनच्या घराण्यातला कारभारी कॉन्स्टंटिन याने त्याला कैदेत टाकलं आणि तिथे विषाने त्याचा शेवट झाला. झाबेल सिलिफकेच्या किल्ल्यात हॉस्पिटलर या क्रूसेडर पंथाच्या सरदारांच्या आश्रयाला पळाली. राणीला हवाली कसं करायचं, याची त्यांना लाज वाटली. म्हणून त्यांनी किल्लाच कॉन्स्टंटिनला देऊन टाकला, राणीसकट! 1226 मध्ये कॉन्स्टंटिनचा मुलगा हेतुम याच्याशी तिचं लग्न लावलं गेलं. त्यांचं चांदीचं नाणं कुठे बघायला मिळालं तर जरूर बघ. दोघं बरोबरीने उभे, मधे लांब दांड्याचा क्रूस. हे लग्न कसं लावलं गेलं, ते त्या नाण्यावरून कुणाला कळणार नाही. हीच तर नाण्यांची गंमत.

आता भाषेकडे वळ. फ्रँक, म्हणजे क्रूसेडर, शेजाऱ्यांचा 'बॅरन' आर्मेनियनमध्ये 'परोन' झाला. सरदाराची ही पदवी आज साध्या 'श्रीयुत'च्या जागी वापरतात. राज्य जाऊन साडेसहाशे वर्षं झाली, शब्द राहिला. अँटिओकच्या कायद्यांचंही तसंच. मूळ फ्रेंच संहिता हरवली. हेतुमचा भाऊ सेनापती स्म्बात याने केलेलं आर्मेनियन भाषांतर तेवढं उरलं. तुझा निबंध मला इथून सुरू झालेला आवडेल. ही माणसं आली तेव्हा सोबत काय घेऊन आली, हे तू नीट लिहिलं आहेस. इथे आल्यावर शेजाऱ्यांकडून काय उचललं, ते मात्र कुठेच नाही.

मंगोलांचा भाग ठीक आहे. फक्त हेतुम 1254 मध्ये स्वतः मंगोलांच्या राजधानीत, काराकोरमला, पोचला, हे ठळक कर. राजाने एवढा प्रवास करून मोंगके खानासमोर उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हे. त्याची किंमतही सांग. 1266 मध्ये इजिप्तच्या मामलुकांनी मारीच्या लढाईत त्याचा एक मुलगा मारला, दुसरा पकडला. 1375 मध्ये राजधानी सीस पडली, त्याबद्दल तू लिहिलंय तेवढं पुरे.

आणि हो, नकाशा नव्याने काढ. मार्को पोलो 1271 मध्ये जिथून पुढे निघाला ते आयास बंदर इस्केंदेरुनच्या आखाताच्या पश्चिम काठावर आहे, तू पूर्वेला दाखवलंयस. बाकी खुणा पेन्सिलीने समासात केल्यात.

तुझा,
सर