गल्ल्याची किल्ली

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबा चेकवर सही करू देत नाहीत, म्हणून तू नगरसेवकपदाला उभा राहणार. अरे, हा बेत नाही, रुसवा आहे.

राफेलमुळे सर्ज दासो हे नाव तुझ्या कानावर आलं असेल. आपली वर्तमानपत्रं दसॉल्ट छापतात. वडील मार्सेल विमानं बांधायचे आणि संसदेतही बसायचे. नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीतून जिवंत परतलेला माणूस, तो कशाला कुणाच्या हाती काही देईल? सर्ज शिकलेला इंजिनिअर, १९५१ मध्ये घरच्या कंपनीत आला. मुख्य खुर्ची मिळाली १९८६ मध्ये, बाप ९४ व्या वर्षी गेल्यावर. मुलगा तेव्हा ६१ चा! कंपनीत फ्रेंच सरकारचे शेअर होते, आणि सरकारातल्या मंडळींनाही तो नकोच होता.

पण मधल्या काळात त्याला इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी मिळाली होती. ती त्याने मन लावून चालवली. १९८२ मध्ये तिच्या नावातलं 'मार्सेल' गेलं आणि 'सर्ज' आलं. मी म्हणतो ते हेच. स्वतःचं खातं उघड.

तुमच्या मागच्या गाळ्यात मोटारी रिवाइंड होतात ना? ते काम मागून घे. तांब्याची तार किती किलो आली, कुठली मोटार पुन्हा जळून परत आली, सगळं तुझ्या वहीत. तोटा झाला तर तोही तुझाच. पण खातं स्वतःचं हवं.

राजकारणात सर्ज गेलाच. पॅरिसजवळचं कोर्बेय-एसोन म्हणजे कम्युनिस्टांचा गड, तिथे १९९५ मध्ये महापौर झाला, २००४ मध्ये सिनेटर. २००८ ची निवडणूक मात्र रहिवाशांना पैसे दिल्यावरून रद्द झाली, वर्षभर उभं राहायलाही बंदी. पैसा खानदानी होता. मतांचं खातं पैशाने उघडत नाही रे.

आमच्या कापडदुकानाच्या गल्ल्याची किल्ली वडिलांच्या करगोट्याला असायची. रेडिमेड भरू या, असं मी दहा वर्षं म्हणत राहिलो. शेवटी समोरच्याने भरलं. किल्ली हातात आली तेव्हा मी ४६ चा होतो आणि गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं होतं. दोष वडिलांचा नाही, मी वाट पाहत बसलो. म्हणून घसा फोडून सांगतोय, खातं उघड!

सर्ज २०१८ मध्ये ९३ व्या वर्षी ऑफिसातच गेला. आपल्या मागे समूहाची सूत्रं त्याने मुलांकडे न देता जुन्या सहकाऱ्याकडे, शार्ल एडेलस्टेनकडे जातील अशी सोय केली होती. आयुष्यभर ताटकळलेल्या बापाने हे करावं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा चीड आली. आता तेवढी येत नाही. आमच्या थोरल्याला उधारी वसूल करता येत नाही, संकोचतो. अशा पोराकडे किल्ली कशी द्यायची, सांग. ३८ चा झालाय, शिकेल हळूहळू.

रिवाइंडिंगचं बाबांशी बोललास की कळव. आणि हे पत्र आमच्या थोरल्याला दाखवू नकोस.

तुझा,
काका