नवीन अंगणवाडीताईला: पोर थांबतं कशामुळे?

अगं, ‘मुलं एका जागी बसतच नाहीत’ म्हणून पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला येऊ नकोस. तीन-चार वर्षांच्या पोराला नुसतं ‘गप्प बस’ म्हणून स्वतःला आवरता येत नाही. ते सवयीतून येतं, आणि सवयी घराघरांत वेगळ्या.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानी मुलं खाऊसाठी अमेरिकी मुलांपेक्षा जास्त वेळ थांबली, कारण सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय जेवायचं नाही ही तिथली रीत. गुंडाळलेली भेटवस्तू समोर ठेवली तेव्हा मात्र अमेरिकी मुलं जास्त थांबली! भेट लगेच उघडायची नाही, ही त्यांची सवय.

आपल्याकडे हे आयतं आहे. खिचडी वाढल्यावर श्लोक होईपर्यंत थांबायची पद्धत कितीही घाई असली तरी मोडू नकोस. आणि रोज ‘चिमणी उड, कावळा उड’ खेळ. ‘म्हैस उड’ म्हटल्यावर उचलू पाहणारं बोट दुसऱ्या हाताने दाबून धरणारं पोर नीट बघ, ओठ घट्ट आवळलेले असतात. मन आवरायला ते तिथेच शिकतं.

एक सांभाळ. काही घरांत मोठ्यांसमोर बोलू नये अशीच शिकवण असते. माझ्याकडे एक मुलगी दोन महिने बोललीच नाही. मी तिला मागे पडलेली समजले, ही माझी चूक. घरी ती धाकट्या भावाला सगळी गाणी हातवाऱ्यांसकट शिकवत होती. म्हणून मत बनवण्याआधी घरी जाऊन ये, आणि आईइतकंच आजीलाही विचार.