खताच्या गोदामात वाळूच्या बादल्या पुरतील का?

पोटॅशियम नायट्रेटची पोती आणि ब्लीचिंग पावडर एकाच गोदामात ठेवता येतील का आणि आगीसाठी वाळूच्या बादल्या पुरतील का, असे आपण विचारले आहे. वाळू पुरणार नाही. वाळू काय किंवा पावडरचा सिलिंडर काय, ही साधने आगीची हवा तोडतात. तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेटचे हे खत, मात्र तापले की स्वतःच ऑक्सिजन सोडते. तेथे भरपूर पाणीच हवे.

निपाणीजवळ आमचे भागीदारीतील कृषी सेवा केंद्र होते. एकदा फाटलेल्या पोत्यातून सांडलेले हे खत कामगारांनी लाकडाच्या भुशासकट झाडून गोणपाटात भरले आणि ते गंधकाच्या खोक्यांजवळ ठेवले. शटरचे वेल्डिंग चालू असताना त्यावर ठिणगी पडली. नुसता भुसा धुमसत राहिला असता. हा फसफसत, जांभळट ज्वाळेने पेटला. माझे भागीदार, जे नात्याने माझे मेहुणेही आहेत, शटर ओढा, हवा कोंडली की विझेल, असे ओरडू लागले. मी शटर ओढू दिले नाही, मेन स्विच बंद करून बाहेरच्या टाकीचा पाइप आत घेतला, आणि आग गंधकापर्यंत पोहोचण्याआधी विझली. दोष वेल्डिंगवाल्याचा, खत कधी जळत नाही, असे मेहुणे आजही चारचौघांत सांगतात. खत जळत नाही हे खरेच आहे. ते शेजारच्या वस्तूला जाळते, आणि शेजारी काय ठेवायचे हे वेल्डिंगवाला ठरवत नाही. नायट्रेट, गंधक आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते, हे त्यांनाही ठाऊक आहे. राहिला शटरचा प्रश्न. १९४७ साली अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात अमोनियम नायट्रेटच्या जहाजाला आग लागली, तेव्हा झडपा बंद करून आत वाफ सोडण्यात आली. आग विझली नाही, जहाजाचा स्फोट झाला आणि त्या दुर्घटनेत किमान ५८१ माणसे गेली.

म्हणून गंधक, डिझेल, तेलकट कीटकनाशके, भुसा आणि रिकामी गोणपाटे यांना नायट्रेटच्या खोलीत जागाच देऊ नये, आणि सांडलेला माल पुन्हा पोत्यात भरू नये. आपल्या भागात पोत्यावरचे कन्नड किंवा इंग्रजी प्रत्येक कामगाराला वाचता येतेच असे नाही. पिवळ्या चौकटीतील वर्तुळावरची ज्वाळा, म्हणजे ऑक्सिजन पुरवून आग भडकवणाऱ्या मालाची खूण, मात्र सर्वांना दाखवून ठेवावी.

ब्लीचिंग पावडर त्या खोलीत नकोच. तिला ॲसिड लागले की क्लोरीन सुटतो, आणि ओलाव्यात युरियाशी संयोग झाला तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात तो ओलावा आयताच मिळतो. तिची कोरडी, हवेशीर जागा वेगळी ठेवा.

पाण्याचा हा उपाय आग लहान असेपर्यंतच करावा. पोत्यांच्या थप्पीनेच पेट घेतला असेल, नायट्रेट वितळू लागले असेल किंवा तपकिरी धूर दिसत असेल, तर माणसे लांब न्यावीत आणि अग्निशमन दलाला कोणता माल किती आहे ते आधी सांगावे. त्या धुराचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो, त्यामुळे धूर लागलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्यावे.